जाब नव्हे, हिशेब हवा

लठ्ठपणा कमी करण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया करून घेणे ही गोष्ट आता केवळ धनिकांच्या दिवाणखान्यातील चर्चेचा विषय राहिलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रियांचे आणि सुमारे २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचे आढळले. २०१९ मध्येच विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्यविम्यातील अपवादांचे प्रमाणीकरण केले आणि वैद्यकीय निकष पुरे करणाऱ्या लठ्ठ रुग्णांची शस्त्रक्रिया सरसकट वगळण्याला मर्यादा घातली. त्यामुळे पगारदार मध्यमवर्गही या शस्त्रक्रियेचा विचार करू शकतो. हे स्वागतार्हच आहे. परंतु शस्त्रक्रियेच्या आधीची चर्चा जितकी होते, तितकी तिच्या नंतरच्या वर्षांची होत नाही. आणि खरा प्रश्न त्या वर्षांतच दडलेला आहे.

एक उदाहरण कल्पून पाहावे. एका जिल्ह्याच्या गावी सरकारी कचेरीत काम करणारी वरिष्ठ लिपिक. वय बेचाळीस, वजन ११८ किलो, जोडीला मधुमेह आणि गुडघेदुखी. भविष्यनिर्वाह निधीतून काही रक्कम काढून, काही विम्यातून मिळवून ती शस्त्रक्रिया करून घेते. चौदा महिन्यांत वजन ७६ किलोवर येते. मधुमेहाच्या गोळ्या सुटतात, कचेरीचे दोन जिने ती न थांबता चढते, जुने फोटो आणि नवे फोटो शेजारी शेजारी ठेवून नातेवाईक कौतुक करतात. तिसऱ्या वर्षी मात्र चित्र पालटू लागते. रात्री घरातले सगळे झोपल्यावर ओट्यापाशी उभ्याने शेव, चिवडा, बिस्किटे असे थोडे थोडे खाणे सुरू होते. एका वेळी फार जात नाही, पण हात थांबतही नाही. रिकाम्या पिशव्या केराच्या डब्यात खाली दडपल्या जातात. काटा ८९ किलो दाखवतो. रुग्णालयाकडून वार्षिक तपासणीची आठवण येते तेव्हा ती घरी सांगते की मार्चअखेर असल्यामुळे रजा मिळत नाही. खरे कारण वेगळेच असते. डॉक्टरांसमोर वजनकाट्यावर उभे राहण्याचे धैर्य तिला होत नाही.

अशा वेळी समाज दोन निवाडे तयार ठेवून बसलेला असतो. पहिला असा की, ‘एवढे पैसे घातले, पोट कापून घेतले, तरी जीभ आवरत नाही.’ दुसरा असा की, ‘ही ऑपरेशने म्हणजे निव्वळ धंदा, काही काळ उतरते आणि मग पुन्हा चढते.’ पहिला निवाडा रुग्णाला दोषी ठरवतो, दुसरा वैद्यकाला. दोन्ही निवाडे ऐकायला खमंग आहेत, आणि दोन्ही चुकीचे आहेत.

शस्त्रक्रिया काय करते

या शस्त्रक्रियांचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराचा मोठा भाग वगळून अन्न थेट लहान आतड्याकडे नेणारी ‘गॅस्ट्रिक बायपास’ शस्त्रक्रिया लठ्ठपणावरील उपाय म्हणून केली. पुढील दशकांत तिच्यात अनेक सुधारणा झाल्या, आणि गेल्या काही वर्षांत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेल्या जठराला अरुंद नळीचा आकार देणारी ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया अधिक प्रचारात आली. या शस्त्रक्रियांमुळे केवळ पोटाची पिशवी लहान होते असे नाही. भूक आणि तृप्ती यांचे शरीरांतर्गत संदेशही बदलतात. जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधून काढलेले घ्रेलिन हे भूक चाळवणारे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या वरच्या भागात तयार होते, तोच भाग स्लीव्ह शस्त्रक्रियेत काढला जातो. म्हणूनच पहिल्या वर्षी अनेक रुग्णांना, आयुष्यात प्रथमच, भुकेपासून सुटका झाल्यासारखे वाटते.

पण ही सुटका कायमची असेलच असे नाही. एक-दीड वर्षानंतर भूक हळूहळू परतू लागते आणि पोटात मावणारे अन्नही काहीसे वाढते. शिवाय शस्त्रक्रियेने अडवला जातो तो एका बैठकीतला भरपेट आहार. दिवसभरात दहा वेळा मूठमूठ खाणे तिला अडवता येत नाही. भाकरी, उसळ, अंडी किंवा मासे यांनी लहान पोट लवकर भरते. उलट आइस्क्रीम, मिल्कशेक, वेफर, बिस्किटे असे मऊ, पातळ किंवा तोंडात विरघळणारे पदार्थ त्याच पोटातून सहज निसटून जातात. आणि उष्मांक नेमके त्यांतच ठासून भरलेले असतात. एकटेपणा, काळजी, कचेरीतील अपमान, रात्रीची निवांत वेळ अशा कारणांनी ज्याचा हात खाण्याकडे जात होता, त्याची ती कारणे शल्यचिकित्सकाच्या सुरीला कशी सापडणार? खाण्यावरचा ताबा वारंवार सुटणे हा केवळ स्वभावदोष नसून तो एक विकारही असू शकतो, हे वैद्यकाने मान्य केले आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या विकारांच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान दिले.

आकडे काय सांगतात

या विषयात दीर्घकाळ चाललेला आणि नेहमी आधाराला घेतला जाणारा अभ्यास स्वीडनमधील आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० आणि न झालेल्या २,०३७ लठ्ठ व्यक्तींचा मागोवा घेतला गेला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. जठराला पट्टा बसवण्याच्या शस्त्रक्रियेत हेच आकडे २० आणि १४ टक्के असे होते. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूंचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा कमी आढळले.

या आकड्यांचे दोन अर्थ आहेत आणि ते एकत्रच वाचले पाहिजेत. पहिला असा की शस्त्रक्रिया निष्फळ नाही. ती आयुष्य वाढवते. दुसरा असा की नीचांकाला गेलेले वजन पुढे काही प्रमाणात परत येणे हा अपवाद नसून सरासरी रुग्णाचा अनुभव आहे. जे सरासरीने घडते त्यासाठी प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्रपणे लज्जित करणे शास्त्राला धरून नाही.

शरीर गमावलेले वजन परत मिळवण्यासाठी किती धडपडते याची साक्ष आणखी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. हे तरुण सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार देणारे, म्हणजे निश्चयाला पक्के असे होते. तरीही अन्नाचा विचार त्यांच्या मनातून हलेना. आणि निर्बंध उठल्यावर त्यांच्यापैकी अनेकांनी पोट भरूनही तृप्ती होत नाही इतके खाल्ले. लठ्ठपणाचा पूर्वेतिहास नसलेल्या माणसांची ही कथा. तेव्हा वजन घटल्यानंतर उफाळणाऱ्या भुकेला ‘हावरटपणा’ हे एकच नाव देऊन मोकळे होणे बरोबर नव्हे.

एका देहातील दोन माणसे

याचा अर्थ रुग्णाची काहीच जबाबदारी नाही असा मात्र होत नाही. शरीर ओढ लावते हे खरे. पण ओट्यापाशी जाणारे पाय आणि डबा उघडणारा हात हेही त्याच माणसाचे असतात. जबाबदारीचा प्रश्न टाळता येत नाही. तो नीट मांडावा लागतो.

अर्थशास्त्राने या प्रश्नाकडे तसे उशिराच लक्ष दिले. माणूस आपले हित जाणतो आणि त्यानुसार निवड करतो, हे अर्थशास्त्राचे जुने गृहीतक. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७८ पासून या गृहीतकाला एक अडचणीचा प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. सडपातळ व्हायचे ठरवणारा आणि रात्री मिठाईचा डबा उघडणारा, हे दोघे एकच असतील तर त्यांचे ‘हित’ नेमके कोणते? शेलिंग यांच्या मते प्रत्येक माणसात जणू दोन व्यक्ती नांदतात आणि त्यांच्यात सत्तेसाठी झुंज चाललेली असते. दूरचे पाहणारा माणूस जवळचे पाहणाऱ्या माणसाचे हात आधीच बांधून ठेवण्याची युक्ती शोधतो. कोणी गजराचे घड्याळ पलंगापासून लांब ठेवतो, कोणी पगारातून परस्पर कपात करून घेतो. २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेल्या या अर्थशास्त्रज्ञाची स्वतःची झुंज धूम्रपानाशी होती. तेव्हा हा विषय त्यांनी केवळ पुस्तकातून शिकला होता असे नव्हे.

या दृष्टीने पाहता, पोटावरील शस्त्रक्रिया म्हणजे दूरचे पाहणाऱ्या माणसाने स्वतःला बांधून घेतलेला सर्वांत महाग आणि न उलगडणारा दोर होय. पण दोर कितीही पक्का असला तरी आत बांधलेला दुसरा माणूस जिवंतच असतो, आणि तो गाठी शोधत राहतो. जेवणाची वाट बंद झाली तर तो चघळण्याची वाट शोधतो. अन्नाची वाट अवघड झाली तर कधी मद्याची. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मद्याच्या व्यसनाधीनतेचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षात ७.६ टक्के होते. दुसऱ्या वर्षी ते ९.६ टक्के झाले. वाढ फार मोठी नाही, पण पोट बांधले म्हणजे मन बांधले जात नाही हे तिच्यावरून कळते.

धरण झाले, कालव्याचे काय?

येथे प्रश्न केवळ रुग्णाच्या मनाचा राहत नाही, तो व्यवस्थेचा होतो. महाराष्ट्राच्या वाचकाला धरणांची गोष्ट नव्याने सांगायला नको. भिंत बांधण्यासाठी भांडवली खर्चाची तरतूद होते, उद्‌घाटन होते, कोनशिला बसते. नंतर कालव्यांची दुरुस्ती, गाळ काढणे, पाणीवाटपाची शिस्त यांसाठी वर्षानुवर्षे लागणारा छोटा पण अखंड खर्च अंदाजपत्रकात कुठे तरी हरवतो. मग शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी पोहोचत नाही, आणि दोष कधी पावसावर, कधी शेतकऱ्यावर ढकलला जातो.

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचे अर्थकारण बरेचसे असेच आहे. रुग्णालय जे ‘पॅकेज’ विकते त्यात शस्त्रक्रिया, खोली, भूल, औषधे आणि फार तर पहिल्या काही महिन्यांच्या भेटी असतात. रुग्णालयाचे उत्पन्न शस्त्रक्रियेच्या दिवशी पूर्ण होते. जाहिरातीत दिसतो तो बाराव्या-पंधराव्या महिन्यातील फोटो, म्हणजे वजनाच्या नीचांकाचा. चौथ्या वर्षी आहारतज्ज्ञाने अर्धा तास बसून रुग्णाचे ऐकावे, मानसोपचारतज्ज्ञाने रात्रीच्या खाण्यामागचे कारण उलगडावे, रक्तातील लोह, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासावे, यासाठी पैसे कोण देणार? विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्याचा विचार करतो. खुर्चीवर बसून बोलणाऱ्या रुग्णाला तो फारसा ओळखत नाही. ज्या काळात घसरण सुरू होते त्याच काळात आधार संपलेला असतो.

यात आणखी एक मेख आहे. तपासणीला नियमित येतात ते बहुधा ज्यांचे ठीक चालले आहे ते. ज्यांचे वजन वाढते ते येणे बंद करतात. रुग्णालयाने केवळ येणाऱ्यांची सरासरी काढली तर निकाल उत्तमच दिसणार. वर्गात उपस्थित राहिलेल्यांच्याच गुणांवरून शाळेचा निकाल जाहीर करण्यासारखे हे आहे. कोणताही शिक्षक अशा निकालावर विश्वास ठेवणार नाही. मग रुग्णाने तरी का ठेवावा?

ही सक्तीची परिस्थिती नाही. ब्रिटनमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाईस’ या संस्थेने २०१४ मध्येच शिफारस केली की शस्त्रक्रियेनंतर किमान दोन वर्षे त्याच पथकाने रुग्णावर लक्ष ठेवावे आणि पुढे आयुष्यभर निदान वर्षातून एकदा तपासणी व्हावी. शिफारस अमलात येण्यात तेथेही अडचणी असतील. पण नंतरची देखभाल हा उपचाराचाच भाग आहे हे तत्त्व तिने मान्य केले.

जाब आणि हिशेब

एवढी व्यवस्था झाली तरी एक प्रश्न उरतोच. रुग्ण तिथे जाईल का? आणि गेलाच तर खरे सांगेल का? ‘उत्तरदायित्व’ या शब्दाची येथे कसोटी लागते. मराठीत या कल्पनेसाठी दोन घरगुती शब्द आहेत. एक ‘जाब’ आणि दुसरा ‘हिशेब’. व्यवहारात त्यांची सरमिसळ होते. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. जाब विचारणारा आधीच निर्णय करून बसलेला असतो. त्याला कबुली हवी असते. हिशेब पाहणाऱ्याला वस्तुस्थिती हवी असते. जाब विचारला जाईल या भीतीने माणूस लपवतो. हिशेब लिहायची सवय लागली की माणूस निदान स्वतःला फसवत नाही. चोपडीत तूट दिसली म्हणून जमाखर्च लिहिणे बंद करणारा दुकानदार शहाणा नव्हे. आणि तूट दिसताच आरडाओरडा करणारा मालक असेल तर मुनीम खोटे आकडे लिहू लागेल, हेही तितकेच खरे.

लठ्ठ माणसाला लहानपणापासून जाबच विचारले गेलेले असतात. शाळेत टोपणनावे, बसमध्ये नजरा, लग्नाच्या बोलण्यांत उसासे. शस्त्रक्रियेनंतरही दवाखान्यात ‘पुन्हा का वाढलं?’ असा प्रश्न कपाळाला आठी घालून विचारला गेला तर तो जुन्याच मालिकेतला आणखी एक जाब ठरतो. हाच प्रश्न ‘गेल्या तीन महिन्यांत काय काय घडलं, ते क्रमाने पाहू या’ असा विचारला तर तो हिशेब होतो. प्रश्नाचा विषय एकच. पण पहिल्या प्रश्नानंतर रुग्ण परत येत नाही, दुसऱ्यानंतर येतो.

महाराष्ट्राला या फरकाची ओळख दोन ठिकाणी झालेली आहे. एक म्हणजे गावोगावचे बचत गट. महिन्याच्या ठरल्या दिवशी बायका गोल करून बसतात, वही मोठ्याने वाचली जाते, एखादीचा हप्ता चुकला तर का चुकला ते विचारले जाते आणि पुष्कळदा वाटही सुचवली जाते. तारणाची एक काडी नसताना कर्ज फिटते, कारण प्रत्येकीला आपल्याला पाहणारे आणि ओळखणारे कोणी आहे हे ठाऊक असते. मात्र याच कल्पनेची दुसरी बाजूही देशाने पाहिली आहे. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी गटाच्या दबावाचा वापर इतका निर्दय झाला की कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. गट तेच, वही तीच. फक्त हिशेबाच्या जागी जाब आला होता.

दुसरे ठिकाण पुण्यातील ‘मुक्तांगण’. अनिल आणि अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून नव्हे तर आजारी माणूस म्हणून पाहण्याची दृष्टी मराठी समाजात रुजवण्यास हातभार लावला. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात घसरण ही अनपेक्षित घटना मानली जात नाही. घसरलेला माणूस परत येऊ शकेल असे दार उघडे ठेवणे हे उपचाराचे अंग मानले जाते. अतिखाण्याशी झुंजणाऱ्यांसाठीही असे गट आहेत. १९६० मध्ये लॉस एंजेलिस येथे स्थापन झालेली ‘ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस’ ही संस्था याच धर्तीवर चालते. अर्थात दारू आणि अन्न यांत एक मूलभूत फरक आहे. दारू पूर्ण सोडता येते. अन्न सोडता येत नाही. ज्या वस्तूशी झुंज आहे तिच्याशीच रोज तीन वेळा तह करावा लागतो. म्हणूनच येथे प्रतिज्ञेपेक्षा वही अधिक उपयोगी पडते.

रुग्णाचा वाटा, घराचा वाटा

ही वही रुग्णाने स्वतः लिहिली पाहिजे. त्याच्या वतीने दुसरा कोणी लिहू शकत नाही. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी वजन, रोजचे खाणे-पिणे, आणि खाण्यावर ताबा सुटला असेल तर त्याआधीच्या तासाभरात काय घडले होते याची एक ओळ, एवढेच पुरे आहे. डाळी, कडधान्ये, पनीर, अंडी असे प्रथिनयुक्त अन्न आधी खाणे, जेवताना पाणी न पिणे, सावकाश चावणे, जेवणाच्या वेळा ठरवणे आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या न चुकवणे हे नियम शस्त्रक्रियेच्या वेळी सांगितलेले असतातच. ते पाळण्याची जबाबदारी रुग्णाचीच आहे आणि त्यातून त्याला कोणी मुक्त करू नये. जबाबदारी काढून घेणे हाही एक प्रकारचा अपमानच असतो.

परंतु घराचाही त्यात वाटा आहे. मराठी माणसाचे प्रेम वाढण्यातून व्यक्त होते. ‘एवढंसं खाऊन कसं चालेल? घे गं, एका लाडवाने काही होत नाही,’ हा आग्रह मायेचाच असतो. पण शस्त्रक्रिया झालेल्या सुनेच्या ताटात तो पडतो तेव्हा तिच्यातील दुसऱ्या माणसाला मित्र मिळतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, कचेरीत वाढदिवसाचा केक, बढतीचे पेढे, हळदीकुंकवाची डिश या साऱ्यांना नकार देण्यासाठी रुग्णाला रोज जो धीर खर्चावा लागतो त्याची कल्पना इतरांना नसते. दुसरीकडे, तिने एक पेढा उचलला की ‘तुला चालतं का?’ असे चारचौघांत विचारणारेही तेच असतात. आग्रह आणि पहारा ही दोन्ही कामे घराने आणि कचेरीने सोडून दिली, तर रुग्णाचे अर्धे ओझे उतरेल.

काय व्हावे

आता वजन कमी करणारी नवी इंजेक्शनेही आली आहेत. सेमाग्लुटाइड हे त्यांतले एक औषध २०२१ मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासाठी मान्य झाले आणि २०२५ मध्ये त्यासाठी भारताच्या बाजारात उतरले. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर वाढलेले वजन आवरण्याचा आणखी एक मार्ग उपलब्ध झाला आहे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तो स्वीकारण्यात कमीपणा नाही. परंतु औषध बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे एका चाचणीच्या पाठपुराव्यात २०२२ मध्ये दिसून आले. म्हणजे सुरी असो वा सुई, दीर्घ मुदतीच्या देखभालीवाचून सुटका नाही.

म्हणूनच काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. शस्त्रक्रियेच्या दरातच पुढील पाच वर्षांच्या तपासण्या, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्या भेटी अंतर्भूत असाव्यात आणि विमा कंपन्यांनी त्यांचा खर्च मान्य करावा. एकदा केलेल्या मोठ्या खर्चाचे फळ टिकवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, हे विमागणितज्ञाला पटण्यासारखे आहे. प्रत्येक रुग्णालयाने एका वर्षाचे नव्हे तर पाच वर्षांचे निकाल प्रसिद्ध करावेत आणि त्यांत तपासणीला न आलेल्यांची संख्याही सांगावी. न येणाऱ्या रुग्णाला रागावण्यासाठी नव्हे, बोलावण्यासाठी दूरध्वनी करणारा माणूस नेमावा. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, बचत गटासारखे, शस्त्रक्रिया झालेल्यांचे छोटे गट उभे राहावेत. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. शाळेचा एक वर्ग आणि महिन्यातील एक रविवार पुरतो.

आता त्या कल्पित लिपिक बाईंकडे परत येऊ. त्यांच्या मनात एकच आकडा घर करून बसला आहे: ७६ वरून ८९, म्हणजे तेरा किलोंचे अपयश. पण कचेरीत इतरांची बिले तपासणाऱ्या या बाईंनी स्वतःचा हिशेब पूर्ण मांडलेला नाही. आरंभशिल्लक ११८ होती. आजही २९ किलोंची, म्हणजे मूळ वजनाच्या सुमारे २५ टक्के घट त्यांच्या पदरी आहे. स्वीडनच्या अभ्यासात बायपासनंतर दहा वर्षांनी सरासरी रुग्णाच्या पदरी एवढीच उरली होती. त्यांच्या बाबतीत मात्र तिसरेच वर्ष चालू आहे आणि काटा अजून चढतो आहे. म्हणजे दिवाळे निघालेले नाही, आणि दुर्लक्ष करण्याजोगी स्थितीही नाही. निराशा आणि बेफिकिरी या दोन्हींच्या मधली ही जी जागा आहे, ती फक्त हिशेबातूनच दिसते.

त्यांनी रजेचा अर्ज लिहावा, वही घ्यावी आणि तपासणीला जावे. गेल्या सहा महिन्यांची पाने कोरी असली तरी चालेल. समोर बसलेल्याने मात्र कोऱ्या पानांचा जाब विचारू नये. आजची तारीख घालून पहिली ओळ लिहायला मदत करावी.